उपाशीपोटी दोघी

सुमनवहिनीला मी शेवटची भेटले ती हॉस्पिटलच्या वॉर्डात, खिडकीकडच्या खाटेपाशी. नुकतंच डायलिसिस करून आणलं होतं. चेहरा सुजलेला, ओठ कोरडे. पाणी बेतानं द्यायचं म्हणून बर्फाचा खडा तोंडात घोळवत पडली होती. मी पिशवी खाली ठेवली, तर तिची नजर आधी पिशवीतून डोकावणाऱ्या लांबट पाकिटावर गेली. "तुनं लिव्हर कसं शे?" तुझं लिव्हर कसं आहे, असं तिनं तिच्या अहिराणीत विचारलं. मी म्हटलं, वहिनी, आत्ता ते राहू दे... तर तिनं सुया टोचून काळानिळा झालेला हात पुढे केला. मग मी तिथंच स्टुलावर बसून माझा रक्ताचा रिपोर्ट वाचून दाखवला. ती डोळे मिटून ऐकत होती. सगळं ऐकून झाल्यावर "बरं शे" म्हणाली आणि बर्फाचा खडा दुसऱ्या गालात सरकवला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी प्रेसमध्ये कॉम्प्युटरवर एका लग्नपत्रिकेचा मजकूर जुळवत होते, तेव्हा दादाचा फोन आला. "गेली," एवढंच तो म्हणाला. पडद्यावर वधूपक्ष, वरपक्ष, आमचे येथे श्रीकृपेकरून... सगळं तसंच उघडं राहिलं आणि मी चप्पल शोधत राहिले.

त्याला आता महिना उलटून गेला. लिहावं की नाही ते ठरत नव्हतं. वहिनीबद्दल लिहायचं तर आधी माझ्याबद्दल सांगावं लागतं. मी जन्मले तेव्हा मुलगा झाला म्हणून मखमलाबादच्या आमच्या गल्लीत पेढे वाटले होते. आई-वडील लवकर गेले. मला वाढवलं ते माझ्याहून पुष्कळ मोठ्या दादानं, गुलाब आणि शेवंतीच्या पैशावर. आमचा मळा लहान, पण पहाटे खुडलेली फुलं गणेशवाडीच्या बाजारात चांगल्या भावानं जात. वहिनी लग्न होऊन आली तेव्हा मी शाळेत होते. ती देवळ्याकडची, कांदा पिकवणाऱ्या घरातली. आमच्याशी मराठी बोलायची, पण खूश असली किंवा चिडली की तिची अहिराणी बाहेर यायची. कॉलेजात असताना मला एकदा तिनं आरशासमोर तिच्या बांगड्या घालून उभं असलेलं पाहिलं. मी हात मागे लपवले. ती दार ओढून घेऊन निघून गेली. पण त्यानंतर कधीतरी मी मळ्यातून आले, तर चुलीपुढे बसल्या बसल्या तिनं विचारलं, "उनी का तू?" म्हणजे, आलीस का तू? अहिराणीतलं ते स्त्रीलिंग घरात दुसऱ्या कुणाला चटकन ऐकू येण्यासारखं नव्हतं. मला आलं. मी उंबऱ्यातच थांबले होते, आणि ती पीठ मळत राहिली होती.

गोळ्यांचं तिला कळलं ते धुण्यात. नव्वदचं दशक सरत आलं होतं. मुंबईत माझ्यासारख्या दोघीतिघी ओळखीच्या झाल्या होत्या, त्यांनी सांगितलं म्हणून मी मेडिकलमधून पाळणा लांबवायच्या गोळ्या आणून खायला लागले होते. पँटच्या खिशातलं अर्धं संपलेलं पाकीट तिनं माझ्यासमोर धरलं. "या कशापायी घेतेस ते मला कळतं. पण किती घ्यायच्या, ते कुणी सांगितलं?" कुणीच सांगितलं नव्हतं. तिनं पाकीट स्वतःच्या कनवटीला खोचलं आणि म्हणाली, "डॉक्टर शोध. बाई व्हायला माझी ना नाही. आजारी बाई व्हायला आहे." मग मुंबईतले हार्मोनचे एक वयस्कर डॉक्टर सापडले. त्यांनी दोन तास ऐकून घेतलं, मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं, आणि शेवटी औषध लिहून देताना एकच अट घातली: दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचं. लिव्हर, साखर, चरबी, हार्मोन, सगळं. चुकवलंस तर पुढची चिठ्ठी नाही.

औषधानं अंग हळूहळू बदलायला लागलं. गाल मऊ झाले, चालणं सैल झालं. मी केस वाढवले आणि एक दिवस सलवार-कमीज घालून घरात वावरले. दादानं जेवताना ताट सरकवलं. "इथं राहायचं तर हे बंद कर," तो म्हणाला. ओरडला नाही. तो कधी ओरडत नसे, त्यामुळेच त्याच्या बोलण्यापुढे जागा उरत नसे. मी पंचवटीत एक खोली घेतली आणि घर सुटलं. निघताना मी पिशव्या रिक्षात ठेवत होते, तेव्हा वहिनी फाटकापर्यंत आली आणि हळूच म्हणाली, "तुझं रक्त कुठं काढतात?" मी लॅबचं नाव सांगितलं, कॅनडा कॉर्नरच्या जवळची, पहिल्या मजल्यावरची. "कधी जातेस?" मी तेही सांगितलं.

त्या दिवशी मी जिना चढून गेले, तर ती वर बाकावर बसलेली होती. डोक्यावरून पदर, मांडीवर पिशवी. सिटी बसनं आले म्हणाली. आणि मग पुढची कितीतरी वर्षं, दर तिमाहीला, आमची भेट त्या बाकावर होत राहिली. घरी जायला मला बंदी होती, माझ्या खोलीवर तिनं येऊ नये असं दादाचं म्हणणं होतं, पण लॅबबद्दल कुणी काही बोललेलं नव्हतं. बाकीची माणसं सुई टोचायची म्हणून धास्तावतात. मी मात्र तारखेच्या आदल्या दिवसापासून सणासारखी असायचे. कुठला ड्रेस घालायचा ते ठरवायचे. रात्रीपासून काही खायचं नसायचं, त्याचंही मला काही वाटत नसे, कारण तिकडे तीही उपाशी असायची. मी कितीदा सांगितलं, वहिनी, तुझं रक्त नाही काढायचंय. ती म्हणायची, "तू तिथं कोरड्या तोंडानं बसणार आणि मी काय चहा पिऊन येऊ?"

लॅबमध्ये कागदावर माझं जुनंच नाव होतं. काउंटरवरून ते मोठ्यानं पुकारलं जायचं, आणि पहिल्या खेपेला मी जागच्या जागी थिजले. ओढणी घेतलेली, कानात झुमके, आणि नाव एका पुरुषाचं. बाकावरची सगळी माणसं इकडेतिकडे बघत होती. वहिनी उठली. "हो, आमचंच," म्हणाली, मला दंडाला धरलं आणि दोघी जणी मिळून आत गेलो. कोण कुणासाठी आलंय, हे बघणाऱ्यांना कळलंच नाही. पुढे तेच ठरून गेलं. नाव तिनं घ्यायचं आणि रक्त मी द्यायचं. आत गेल्यावर दंडाला रबरी पट्टी बांधली की मी तोंड फिरवायचे, आणि ती मात्र नळीत चढणाऱ्या रक्ताकडे निरखून पाहायची. "लालच शे," असं एकदा तिनं गंभीरपणे सांगितलं, तेव्हा सुई धरलेल्या बाईंनाही हसू आलं होतं. बाहेर पडलो की समोरच्या हातगाडीवर आम्ही मिसळ खायचो. तिखट तर्रीनं तिच्या नाकाला पाणी यायचं. तेवढ्या वेळात मळ्याचं, दादाचं, गल्लीचं सगळं ऐकायला मिळायचं. दादा माझं काही विचारतो का, हे मी विचारत नसे. ती आपणहून सांगत नसे.

रिपोर्ट वाचायला ती शिकली. मराठी शाळेत दहावीपर्यंत गेलेली, इंग्रजी आकडे तिला येत होतेच. आकडा मर्यादेबाहेर गेला की पुढे तारा छापलेला असायचा. पहिल्यांदा तो बघून ती घाबरली. हा कसला? मी सांगितलं, हे पुरुषाचं हार्मोन. पुरुषाच्या मानानं माझं फार कमी आहे, म्हणून त्यांच्या हिशेबानं बिघाड. माझ्या डॉक्टरांच्या हिशेबानं बरोबर. तिनं जरा विचार केला आणि म्हणाली, "म्हणजे त्यांचं चुकलं ते आपलं बरोबर." तेव्हापासून रिपोर्ट हातात आला की ती आधी तो तारा शोधायची. असला की त्यावरून बोट फिरवायची. लिव्हरच्या रकान्यात मात्र तारा दिसता कामा नये, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं.

आणि एकदा तिथंच तो दिसला. एसजीपीटी बरंच वाढलं होतं. मुंबईच्या डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, सगळं औषध आजपासून बंद, लिव्हर ताळ्यावर आल्याशिवाय एकही गोळी नाही. मी लॅबच्या जिन्यात बसले आणि म्हटलं, मी बंद करणार नाही. काय व्हायचं ते होऊ दे. परत तो चेहरा, तो आवाज, ते अंग मला नको. वहिनी माझ्या शेजारी पायरीवर बसली. जाणारे-येणारे आम्हाला ओलांडून जात होते. "रेवती," ती म्हणाली. हे नाव मी माझं मीच घेतलं होतं, आणि ती ते क्वचित उच्चारायची. "मी कुणासाठी येते इथं? त्या गोळ्यांसाठी येते का?" मी रिपोर्टची घडी घालत राहिले. "तू गोळ्या खाल्ल्यास म्हणून मी तुला बाई म्हणत नाही. तू आधीपासून होतीस. गोळ्या नसल्या तरी माझ्यासाठी तू हीच आहेस... पण तूच नसलीस तर मी त्या बाकावर कुणाशेजारी बसू?"

गोळ्या बंद केल्या. ते महिने फार वाईट गेले. दाढीचे खुंट टोचायला लागले, प्रेसमध्ये मी ओढणी तोंडावर ओढून काम करायचे. त्या काळात वहिनीनं घरातला नियम मोडला. दर आठवड्याला दुपारी ती माझ्या खोलीवर यायची, मळ्यातली फुलं घेऊन. काही उपदेश करायची नाही. माझ्या केसांना तेल लावायची, विंचरायची, वेणी घालून गजरा माळायची आणि निघून जायची. लिव्हर सुधारलं तेव्हा डॉक्टरांनी दुसऱ्या प्रकारचं औषध दिलं, कमी मात्रेत. तो रिपोर्ट वहिनीनं पुन्हा पुन्हा वाचला होता.

मग एका सकाळी बाकावर बसलेली असताना माझ्या लक्षात आलं, की ती सारखी उठून पाण्याच्या कूलरकडे जातेय. पायाच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली होती. गुलाबाचा काटा लागला म्हणाली, बरेच दिवस झाले, भरतच नाही. मी म्हटलं, आज तुझंही रक्त देऊ. "मला काय झालंय?" म्हणून ती हसली. पण उपाशी तर ती होतीच. मी काउंटरवर तिचं नाव घातलं, आणि या वेळी पुकारा झाल्यावर मी तिला दंडाला धरून आत नेलं. सुई टोचताना मात्र तिनं तोंड फिरवलं. दोन तासांनी रिपोर्ट आला. साखर इतकी होती, की लॅबच्या डॉक्टरांनी स्वतः बाहेर येऊन आम्हाला आत बोलावलं. घरच्या कुणाला तरी बोलवा, म्हणाले. वहिनीनं खाली मान घातली आणि मला म्हणाली, "खाली कोपऱ्यावर बघ. तुझा दादा असेल."

तो होता. रसवंतीच्या पलीकडे, स्कूटर स्टँडवर लावून, हातात हेल्मेट घेऊन उभा. इतकी वर्षं ती सिटी बसनं येत नव्हती. तोच तिला सोडायचा आणि ती परत येईपर्यंत तिथं थांबायचा. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "लिव्हर वाढलेलं, ते उतरलं ना?" मी हो म्हटलं. मग मी वहिनीचं सांगितलं. वर डॉक्टरांनी त्याला सगळं समजावलं, रोज इन्सुलिन घ्यावं लागेल म्हणून सांगितलं. जिना उतरताना तो मधेच थांबला. "मला सुई टोचायला जमायचं नाही," तो म्हणाला, "हात थरथरतो. घरी येता येईल का?"

अशी मी घरी परतले, वहिनीच्या दंडात सुई टोचायला. खोली सोडली नाही, पण रोज सकाळी मखमलाबादला जाऊन मग प्रेसला जायचे. दादा माझ्याशी बोलताना वाक्यं अशी जुळवायचा, की मी बाई की पुरुष ते त्यात यायलाच नको. जेवण झालं का? निघायचं का? वहिनी हे ऐकून पदराआड हसायची. लॅबच्या खेपा आता दोघींच्या झाल्या. साखर कधी आटोक्यात यायची, कधी नाही. अंगठा गेला, मग नजर मंदावली, शेवटी किडन्या. पण ती काही वर्षं आम्हाला मिळाली. तिच्याशिवाय मला सकाळ माहीत नव्हती, आणि आता रोज सकाळी जाग आली की हात आधी कसलंतरी काम शोधतो... ते नसतं.

परवा माझी तारीख होती. मी एकटी गेले, एकटीनं नाव घेतलं, रक्त दिलं. बाहेर हातगाडीकडे पाय वळले नाहीत. तशीच उपाशी मखमलाबादला गेले. दादा ओसरीवर शेवंती निवडत बसला होता. "आलीस?" तो फुलांतून मान वर न काढता म्हणाला. "चहा ठेव." मी स्वयंपाकघरात जाऊन दुधासाठी फ्रिज उघडला. दाराच्या कप्प्यात वहिनीच्या इन्सुलिनच्या बाटल्या ओळीनं उभ्या होत्या. दादानं त्या काढल्या नव्हत्या. रोज दूध काढताना, ठेवताना त्याला त्या दिसत असणार. दार जोरात लावलं तर त्या एकमेकींवर वाजतात. मी दूध घेतलं, आणि आवाज होणार नाही इतक्या हळू ते दार लावलं.