दादाच्या मिरवणुकीचा अडखळणारा व्हिडिओ

दादाच्या वर्षश्राद्धाच्या आदल्या रविवारी पिंपळे गुरवच्या घरी मी आणि वहिनी दोघंच होतो. दुकानदाराने संगणक तपासून नव्या ग्राफिक्स कार्डाचे साडेचार हजार सांगितले होते. तपासणीचे दोनशे वेगळे. मी वहिनींना म्हटलं, आधी मला बघू द्या.

आमच्या भागात कंपनीतून निवृत्त होणाऱ्याला सोबती उघड्या जीपमधून वाजतगाजत घरी आणतात. दादालाही गेल्या वर्षी मे महिन्यात चाकणहून तसंच आणलं. जन्मात कधी न नाचलेला दादा त्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी नाचला. वहिनी तेव्हा आत औक्षणाचं ताट करत होत्या, त्यामुळे त्यांचं ते बघायचं राहिलं. त्याच दिवाळीत दादा डोक्यातल्या गाठीने गेला. वर्षभर त्यांना व्हिडिओ लावायचा धीर झाला नाही, आणि आता लावला तर तो अडखळत होता. फोनवर त्यांना माणसं मुंगीएवढी दिसतात.

संगणकावर पुतण्याने विंडोजऐवजी लिनक्स घालून दिलं आहे. व्हिडिओ लावला की प्रोसेसर अठ्ठ्याण्णव टक्क्यांवर जाई आणि ग्राफिक्स कार्ड नुसतं बसून राही. सगळ्यांचेच पाय हवेत थांबत, मग एकदम दोन पावलं पुढे पडत. म्हणजे कार्ड बिघडलेलं नव्हतं, त्याच्यापर्यंत काम पोचतच नव्हतं. मागच्या अपडेटने नवं कर्नेल, म्हणजे लिनक्सचा गाभा, आलं होतं आणि जुनं कार्ड चालवणारा ड्रायव्हर त्याच्याशी जुळत नव्हता. लिनक्स आधीचं कर्नेल जपून ठेवतं. संगणक पुन्हा सुरू करून मी ते निवडलं. प्रोसेसर बावीस टक्क्यांवर उतरला.

व्हिडिओ पाण्यासारखा चालू लागला. ताशा वाजत होता. कोणीतरी दादाला म्हणत होतं, "भावा, पस्तीस वर्षं लेथपुढं उभा राहिलास, आता तरी हाल की!" दादा हसून हात वर करून नाचायला लागला. भोवतीच्या सगळ्यांची पावलं सरळ पडत होती. दादाचा डावा पाय मात्र तसाच मागे राहत होता, फरफटत येत होता.

मी व्हिडिओ मागे नेऊन पुन्हा लावला. तेच दिसलं. पाय कधीपासून ओढतात, असं डॉक्टरांनी विचारलं होतं, तेव्हा आम्ही दोघांनीही गणपतीनंतर असं सांगितलं होतं.

वहिनी म्हणाल्या, "दारात आले तेव्हा मला वाटलं, चप्पल नवी आहे, चावत असेल."

मी आवाज बंद केला. पडद्यावर दादा नाचतच होता.

"भाऊजी, ते नवं कार्ड घातलं तर ह्यांचा पाय नीट दिसेल का?"

"नाही, वहिनी."

त्यांनी मान हलवली आणि पदराने पडद्यावरची धूळ पुसली.

कार्ड घेतलं नाही. संध्याकाळी जाऊन दुकानदाराला तपासणीचे दोनशे रुपये देऊन आलो.