एक बाजू उघडी

अकोल्यात आमचं गादी-रजईचं दुकान आहे. आम्ही पिंजारी. कापूस पिंजणं बापजाद्यांपासून चालत आलं. लबाडी मात्र माझी स्वतःची. खोळीत वर-खाली नवा कापूस भरायचा आणि मधोमध जुन्या गाद्यांचा, पुन्हा पिंजलेला. एकदा शिवली की आत कोण बघतो?

आणि दर गुरुवारी हाच मी दर्ग्यात जिक्रला, अल्लाच्या नामस्मरणाला, बसायचो. तिथल्या बुजुर्गांच्या हातावर बैअत करावी, म्हणजे त्यांचा हात धरून वचन द्यावं आणि त्यांचा मुरीद, शिष्य व्हावं, ही माझी फार वर्षांची इच्छा. एकदा त्यांच्यासाठी निव्वळ नव्या कापसाची गादी घेऊन गेलो. त्यांनी ती दाबून पाहिली.

"दुकान में यही बेचते हो, मियाँ?"

मी गादीची शिवण चाचपू लागलो.

"फिर ले जाओ. जिस दिन सब की ऐसी बने, उस दिन लाना. बैअत भी उसी दिन."

गादी खांद्यावर टाकून भर बाजारातून परत आलो.

फसवलेली सगळी माणसं आठवणं शक्य नव्हतं. एक आठवत होत्या. अमरावतीच्या निवृत्त नर्स. पाठदुखीसाठी त्यांनी मुद्दाम माझ्याकडून गादी करून घेतली होती. नव्या कापसाचं पोतं घेऊन मी सकाळची बस धरली. त्यांच्याच अंगणात, त्यांच्यासमोर गादी उसवली. मधून काळपट गोळे निघाले.

"हे काय होय भाऊ?"

"जुना कापूस, सिस्टर. मीच भरला होता. जाणूनबुजून."

त्या गोळ्यांकडे बघत राहिल्या. "अन् मी सहा महिन्यांपासून डॉक्टरले शिव्या देऊन राहिली."

मला रडू आलं.

"रडाचं मंग. आधी भरा."

भरून झाल्यावर सुई ओवली, तर म्हणाल्या, "थांबा. मले हात घालून पाहू द्या. तुमचा काय भरवसा?" कोपरापर्यंत हात घालून त्यांनी मधला कापूस चाचपला. मग म्हणाल्या, "हां. शिवा आता."

त्या दिवसापासून दुकानात प्रत्येक गादीची एक बाजू उघडी असते. गिऱ्हाइकानं आत हात घातल्याशिवाय मी टाका घालत नाही. शेजारचा दुकानदार म्हणाला, "गादी इकून राहिला का सोनोग्राफी करून राहिला?" मी पण हसलो. जुनी गिऱ्हाइकं जशी सापडत गेली तशी त्यांच्या गाद्या पुन्हा भरून दिल्या. त्यात दोन हिवाळे गेले. आता अमरावतीहून माणसं येतात, दारातच बाह्या सावरतात आणि सांगतात, सिस्टरनं पाठवलं.

मग एका गुरुवारी विक्रीच्या थप्पीतली हाताला लागली ती गादी उचलली आणि दर्ग्यात नेली. एक बाजू उघडी, सुई-दोरा खिशात. बुजुर्गांनी काही विचारलं नाही. बाही वर केली, हात पार आत घातला आणि बराच वेळ तिथेच ठेवला.

"अब सी दो."

मी शिवलं. शेवटचा टाका घालून दोरा तोडला, तेव्हा त्यांचा उजवा हात माझ्यापुढे होता. बोटांना अजून कापूस चिकटलेला होता. मी तो दोन्ही हातांनी धरला.