बासष्ट किलोंवर आवळलेले नट

अंबाजोगाईच्या ख्वाजा मिस्त्रींच्या गॅरेजात माझी स्कूटर वर्षातले सहा महिने मुक्कामाला असते, म्हणून हे मला ठाऊक. मिस्त्री तोंडाचे फटकळ. "चालवता येत न्हाई तर घेतली कावून?" असं गिऱ्हाइकालाच झापणार. चाळीस वर्षांत आपल्या हातून चूक झाली नाही, असंही तेच सांगायचे.

गावातल्या एका डॉक्टरांची लाल, उघडी, दोघांपुरती जुनी स्पोर्ट्स कार मिस्त्रींच्याच हाताखालची. रोज संध्याकाळी डॉक्टर आणि त्यांच्या पत्नी सत्यशीलाबाई तिच्यातून घाटनांदूर रस्त्यावर फिरून यायचे. तीन वर्षांपूर्वी मिस्त्रींनी तिच्या चाकांच्या दांड्यांमधले रबरी बुश बदलले आणि गाडी दणके द्यायला लागली. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मिस्त्री म्हणाले, "गाडी ठीक हाय साहेब. रस्ताच लई खराब झालाय."

गेल्या उन्हाळ्यात डॉक्टर वारले. परवा बाई गाडी घेऊन आल्या. "विकणार नाही, मीच चालवणार. तेवढे दणके बघा," म्हणाल्या.

मिस्त्री गाडीखालच्या खड्ड्यात उतरले. मी वाकून पाहिलं, तर बुशचं रबर पिळून फाटलेलं. या बुशांचे नट गाडी चाकांवर उभी करून, वजनावर आवळायचे असतात. जॅकवर लटकत्या गाडीचे आवळले, की खाली उतरवताच रबराला कायमचा पीळ बसतो. हा नियम मिस्त्रींनी गॅरेजातल्या पोरांना माझ्यादेखत ओरडून ओरडून पाठ करायला लावला होता.

"गुपचूप बदला. कोणाला कळतंय?" मी हळूच म्हणालो. माझा स्वभावच तसला.

मिस्त्री वर आले आणि काळ्या हातांनी बाईंसमोर उभे राहिले.

"बाई, रस्त्याचा काही कसूर नव्हता. भाचीच्या निकाहला जायची घाई होती. जॅकवरच नट आवळून गेलतो. सायबानं विचारलं तवाच मला समजलं होतं. चाळीस वर्षांचं नाव जाईल म्हणून खोटं बोललो."

बाईंनी गाडीच्या दारावर हात ठेवला.

"त्यांची पाठ दुखायची," त्या म्हणाल्या. "मी म्हणायची, गाडी दाखवा. तर म्हणायचे, ख्वाजाभाई ठीक म्हणतात म्हणजे ठीकच. आपलीच हाडं झिजली. मग फिरणंच सोडलं. शेवटचं दीड वर्ष आम्ही घरात बसून काढलं."

मिस्त्री जवळच्या टायरवर बसले. हे सांगायची काय गरज होती, म्हणून मला बाईंचा रागच आला. मग माझी मलाच लाज वाटली. दोन माणसांच्या दीड वर्षाच्या संध्याकाळी गेल्या होत्या, त्यांनी बोलायचं नाही तर कोणी?

दुपारपर्यंत नवे बुश बसले. मिस्त्रींनी गाडी चाकांवर उतरवली. "बाई, तुमी आत बसा. माणसांच्या वजनावर आवळतो."

बाई सवयीने डावीकडे बसल्या. उजवी सीट रिकामी राहिली. मिस्त्रींनी तिच्याकडे पाहिलं आणि खालच्या आवाजात विचारलं, "सायबांचं वजन किती होतं?"

"शेवटी पंचेचाळीस," बाई म्हणाल्या. "फिरायला जायचो तेव्हा बासष्ट."

शेजारच्या किराणा दुकानातून मिस्त्रींनी बासष्ट किलो ज्वारी तोलून आणली. आम्ही ते पोतं स्टिअरिंगमागे नीट बसवलं; कलू नये म्हणून बाईंनी त्यावर हात ठेवला. मिस्त्री पाना घेऊन खड्ड्यात उतरले.

सगळे नट आवळून झाले, तरी ते वर येईनात. बाईंनीही पोत्यावरचा हात काढला नव्हता.