शेजारच्या दोन पट्ट्या

आमच्या ब्लूज पियानोच्या वर्गात सगळे पन्नाशीपुढचे नवशिके आहेत आणि सर आमच्या मुलांच्या वयाचे. पुस्तकातला तिसरा धडा सांगतो की शेजारच्या दोन पट्ट्या एकदम हाणा, सूर चिरडू द्या. सुमनताईंना नेमकं तेवढंच जमत नाही. दोन पट्ट्या एकदम वाजल्या की त्यांचा हात चटका बसल्यासारखा मागे येतो.

"लहानपणी पेटीवर असं झालं की मास्तर बोटांवर सपकन छडी ओढायचे," त्या म्हणाल्या.

मारून शिकवलेलं जन्मभर लक्षात राहतं, असं लोक कौतुकाने सांगतात. डोंबल! ताईंना तेव्हाचं एक भजन आज धड आठवत नाही. मार तेवढा राहिलाय.

"हाणा, ताई!" सर ओरडले.

ताईंनी दात आवळले आणि हाणलं. सूर एकमेकांवर तुटून पडले, खिडकीची काच थरथरली. बोटं लालबुंद होईपर्यंत त्या हाणतच राहिल्या.

"वा!" म्हणत सरांनी शाबासकी द्यायला हात उचलला.

ताईंनी मान खाली घातली आणि मुकाट्याने बोटं पुढे केली.