लिनेटचं द्रावण

लिनेट पास्कोची जीभ थांबायची ती फक्त चहासाठी. ती मूळची पोर्ट पिरीची, शिशाच्या भट्टीवर राबणाऱ्याची मुलगी. ॲडलेडच्या आमच्या प्रयोगशाळेत वर्षावर्षाच्या करारावर तिचे केस पिकले. नवरा गेला तेव्हा आठवडाही न होता ती परत ग्लोव्हबॉक्समध्ये, हवाबंद काचपेटीच्या रबरी हातमोज्यांत, हात घालून उभी होती.

तिला वेड एकच, पोटॅशियमच्या बॅटरीसाठी टिकाऊ द्रावण. पहिल्या चार्जिंगला द्रावण थोडं नासतं आणि दुधावर साय धरावी तसा बॅटरीच्या ग्रॅफाइटच्या टोकावर थर धरतो. थर फाटत राहिला की बॅटरी मेली. लिनेटच्या द्रावणात तो काही केल्या फाटेना. आमच्याकडे ज्याचा सेल, म्हणजे चाचणीची छोटी बॅटरी, चार्ज-डिस्चार्जच्या हजार फेऱ्या पार करतो, त्यानेच सगळ्यांना खाऊ घालायचं. लिनेटने डबाभर लॅमिंग्टन, चॉकलेट-खोबऱ्यात घोळवलेले केक, आणले आणि आम्ही मेल्यांनी डबा पुसून खाल्ला.

चाचणीच्या सेलमध्ये ग्रॅफाइटसमोर सगळेच पोटॅशियम धातूचा तुकडा ठेवतात, सोपं पडतं म्हणून. खऱ्या बॅटरीत तो नसतो, त्याच्या जागी कॅथोड नावाचं दुसरं टोक असतं. म्हणून मी म्हटलं, "लिन, एकदा धातू काढून खरा कॅथोड लावून बघ की."

"बघते ना! मी काय घाबरते?"

तो सेल आठवड्यात मेला. तिने पुन्हा लावले, तेही मेले. उघडून पाहिलं तर ग्रॅफाइटवर धड थरच नव्हता. द्रावण धातूला लागून जे काही सुटत होतं, तेच पलीकडे जाऊन ग्रॅफाइट सांभाळत होतं. आम्ही मात्र सगळं श्रेय द्रावणाला देऊन बसलो होतो.

आमचा प्रमुख गॅव्हिन म्हणाला, "धातूवाल्या सेलचाच पेपर पाठवू, लिन. सगळं जग तेच करतं."

"मग जगाचं नाव घाल. माझं काढ."

पेपर गेला नाही, करारही वाढला नाही. शेवटच्या दिवशी ती गाडीचं दार उघडं टाकून उन्हात तशीच बसून होती. मी जवळ जाऊन म्हटलं, "दुसरं द्रावण सापडेल गं." खोटंच बोलले. तिच्या वयाला आता कोण ग्लोव्हबॉक्स देणार होतं?

"नोकरीचं सोड," ती म्हणाली. "इतकी वर्षं मला वाटत होतं, मला ते द्रावण कळलंय."