काठीचा देव झाला तेव्हा

एकोणीसशे सात-आठचा सुमार. पिंपरी पेंढारच्या शाळेत इब्राहिम मास्तर शिकवायचे. माणूस जुन्नरचा, अंगाने काटकुळा, पण हट्टाला पेटला की ऐकायचा नाही कुणाच्या बापाचं! अभ्यासक्रमात 'वस्तुपाठ' नावाचा, प्रत्यक्ष वस्तू दाखवून शिकवायचा तास होता. बाकीचे मास्तर फळ्यावर झाड काढून मोकळे व्हायचे. हे मात्र पोरांना घेऊन ओढ्यावर नाहीतर बांधावर.

दसरा झाला आणि त्यांनी शाळेपुढे मोकळ्यावर कळकाची सरळ काठी रोवली. भर दुपारी तिची सावली सगळ्यांत आखूड झाली, की टोकाशी दगड ठेवायचा. सावली दिवसागणिक कशी सरकते ते पोरांनी आपल्या डोळ्यांनी बघायचं.

इंद्रायणी ही शाळेतली एकुलती एक मुलगी. तिने घरी आजीला, कुशाबाईला, सांगितलं, "सूर्यनारायण रोज आमच्या काठीपाशी येतो." झालं! म्हातारीने दुसऱ्याच दिवशी काठीला शेंदूर फासला, नारळ फोडला. मग काय, सगळ्या बाया पाया पडू लागल्या.

भिमाजी पाटील शाळेत आले. "मास्तर, आता ह्यो देव झाला. तुमी मुसलमान. हात लावायचा न्हाई, जवळबी यायचं न्हाई."

मास्तरांच्या फार जिव्हारी लागलं. आपणच रोवलेली काठी, आणि आपल्यालाच बंदी! दुसरी रोवावी, तर तिलाही शेंदूर लागायचा. वर्गात जाऊन फळ्यावर सूर्य काढावा, तर मग हरलोच की! ते तडक लांब चिंचेखाली जाऊन बसले आणि तिथून ओरडले, "पोरांनो, मोजा!"

पंचाईत अशी, की तिथून त्यांना दगड नीट दिसेनात. पोरांचं चुकलं तरी उठून दुरुस्त करता येईना. जीव नुसता तळमळायचा. चांगदेवने दगड भलतीकडेच ठेवला, इंद्रायणी त्याच्याशी कचाकचा भांडली, शेवटी दोघांनी दोरी धरून पुन्हा मोजलं. हे असं रोजच चाललं.

एके दिवशी इंद्रायणीने सावली एका दिवसात सरकते तेवढं माप त्याच दोरीवर धरलं, दिवाळीपर्यंतचे दिवस मोजत ते पुढे पुढे टाकत नेलं आणि एक दगड बराच लांब ठेवला. "दिवाळीच्या पाडव्याला सावली हितं येणार," म्हणाली. बघणारे हसले. कुशाबाई मात्र भडकली, "देवाला वायदा घालतीस व्हय गं?"

पाडव्याची सुट्टी, पण मास्तर घरी गेले नाहीत. दुपारी गाव जमलं. सावली आखडत आखडत त्या दगडापाशी आली आणि थांबली. आणखी आखडेना! पोरांनी एकच गिल्ला केला.

कुशाबाई बघतच राहिली. "हे तुला कसं कळलं गं?"

"मास्तर म्हणलं मोजा. आमी मोजलं."

म्हातारी पाटलांकडे वळली. "शेंदूर म्या लावला. देव म्या केला. आता म्याच सांगते, मास्तर हात लावत्याल. कुणाला काय म्हणायचंय?"

पाटील बाजूला सरकले.

मास्तर पुढे गेले. काठीला हात लावला. डोळे भरून आले, ते त्यांनी लपवलेही नाहीत.

चांगदेव म्हणाला, "मास्तर, उद्यापासून दगड तुमीच ठेवा."

"अजिबात नाही, तुम्हीच मोजा," मास्तर म्हणाले, आणि चिंचेखाली आपल्या जागेवर जाऊन बसले.