किनुयोच्या दारापुढची घाण

आमच्या गल्लीच्या वरच्या टोकाला देऊळ आहे आणि देवळामागे मेपलची टेकडी. नोव्हेंबर आला की टेकडी लाल होते आणि गल्लीचा उकिरडा होतो. मी लोणचंवाला मासुई. काकडीचं लोणचं काडीला टोचून विकतो. लोक ते खात खात वर चढतात आणि काड्या वाटेल तिथे फेकतात. म्हणजे उकिरड्याला माझाही हातभार आहे, पण म्हणून किळस यायची थोडीच थांबते?

देवळात शिरण्याआधी हात धुवायच्या कुंडात एकाने बूट धुतलेला मी पाहिलाय. भाड्याचे किमोनो घालून पोरी येतात, डावीकडचं उजवीकडे करून, मढ्याला घालतात तसा, आणि हसत हसत फोटो काढतात. आपले तोक्योवाले त्याहून सभ्य. ते च्युइंगम कागदात नीट गुंडाळतात आणि मग कुणाच्या तरी कुंडीत खुपसतात. माझ्या कुंडीत तर झाडापेक्षा च्युइंगमच जास्त उगवतं.

या सगळ्यात समोरच्या हामुरो सादाएबाईंचं दार मात्र लख्ख. पंचाहत्तरीची बाई, कंबरेत वाकलेली, पण पहाट फुटली की झाडू घेऊन हजर. नवरा हातपंख्यांच्या बांबूच्या काड्या तासायचा, तो गेला. मूलबाळ नाही. त्यांची जीभही झाडूसारखीच.

"मासुई-सान, तुमच्या काड्या काल रात्री माझ्या दाराशी मुक्कामाला होत्या," त्या म्हणायच्या. "खाल्लं-प्यायलं काही नाही बिचाऱ्यांनी. परत पाठवतेय."

आता आमच्याकडे झाडण्याची एक रीत आहे. आपलं दार झाडायचं आणि शेजाऱ्याच्या हद्दीत वीतभर आत जायचं. त्याहून कमी झाडलं तर तुम्ही चिक्कू. जास्त झाडलं तर तुम्ही शेजाऱ्याला सगळ्यांसमोर घाणेरडा म्हणालात. सादाएबाई मियाझूकडच्या, समुद्रकाठच्या कोळ्यांची लेक. लग्न होऊन आल्या त्याच्या दुसऱ्याच दिवशी उत्साहाच्या भरात त्यांनी शेजारच्या घराचं सबंध दार झाडून टाकलं. शेजारची सासू बाहेर आली, वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "किती कामसू हो. आमचं दार फारच डोळ्यात खुपलं वाटतं." सादाएबाई आत जाऊन रडल्या. संध्याकाळी त्या सासूचीच सून, किनुयो, मागच्या भिंतीवरून उकडलेल्या अळकुड्यांचा वाडगा घेऊन डोकावली. "रडू नकोस गं. मीपण पहिल्या आठवड्यात हेच केलं होतं," ती म्हणाली, आणि नेमकं कुठवर झाडायचं ते झाडूच्या दांड्याने दाखवलं. तिथून चाळीसेक वर्षं दोघींच्या झाडूंचा आवाज गल्लीला घड्याळासारखा होता.

मग किनुयोचा नवरा गेला, मुलाने तिला नागोयाला नेलं आणि घर विकलं. घेणाऱ्या कंपनीने त्यात पर्यटकांना भाड्याने द्यायच्या खोल्या केल्या. माणूस नाही काणूस नाही. दाराला आकड्यांचं कुलूप. पाहुणे येतात, चाकांच्या बॅगा खडखडवतात, जातात. चादरी बदलायला एक बाई गाडीतून येते, तिला दारापुढच्या दगडांशी काही घेणंदेणं नाही. तिथे कप साचतात, काड्या साचतात, आइसक्रीम वितळून वाळतं. आणि सादाएबाई रोज सकाळी वीतभर आत जाऊन थांबतात. पुढे एक काडीही उचलत नाहीत.

त्यांच्या घरालाही गिऱ्हाईक होतं. त्याच कंपनीचा एक चकचकीत बुटांचा पोरगेला दलाल दर महिन्याला मिठाईचा डबा घेऊन यायचा. माझ्याकडेही आपलं कार्ड ठेवून गेला होता, म्हातारीला समजवा म्हणून. सादाएबाई डबा परत करायच्या.

"भाचीकडे जाऊन आरामात राहाल की," मी एकदा म्हटलं.

"आणि किनुयो आली तर? तिला ओळखीचं एक तरी दार नको का गल्लीत?"

यंदा मेपल ऐन रंगात असताना, एका रविवारी रात्री कुणीतरी किनुयोच्या दारात ओकलं. अगदी त्या वीतभराच्या पलीकडे. शेवयांचे तुकडे ओळखू येत होते. सकाळी सादाएबाई तिथवर आल्या, थांबल्या, वळल्या. मंगळवारीही ते तिथेच. कावळे येऊन टोचत होते, लोक नाक दाबून त्याला वळसा घालत होते आणि पुढे जाऊन टेकडीचे फोटो काढत होते. मला माझी लोणची विकवेनात.

"बादलीभर पाणी ओता की," मी म्हटलं. "कोण आहे तिथं वाईट वाटून घ्यायला?"

"किनुयोचं दार आहे ते."

"किनुयो नागोयात आहे. हे एका कंपनीचं दार आहे, आणि कंपनीला नाक नसतं."

"मासुई-सान, मी ते धुतलं तर अर्थ काय होईल? त्या घराला आता माणूस उरलं नाही, असाच ना? ते मी सांगायचं?"

आणि त्याच दुपारी किनुयो आली.

नागोयाच्या ज्येष्ठांच्या मंडळाची सहल होती. पुढे झेंडीवाली, मागे छातीवर नावाचे बिल्ले लावलेले म्हातारे. किनुयो त्यातून मागे रेंगाळली आणि आपल्या जुन्या दारापुढे उभी राहिली. स्वतःच्या गल्लीत बिल्ला लावून. तिने खाली पाहिलं. मग शेजारच्या दाराकडे पाहिलं, धुतलेल्या दगडांकडे, आणि दोन्हींच्या मधल्या त्या सरळ रेषेकडे. सादाएबाई दार उघडून धावतच बाहेर आल्या होत्या, पायात एकच चप्पल.

"हामुरो-सान," किनुयो म्हणाली. चाळीस वर्षं जी 'अगं सादाए' म्हणायची ती. "तुमचं दार अजून आरशासारखं हो."

"छे, छे, माझं कसलं..."

"आणि आमच्याही दाराची छान आठवण ठेवलीत." तिने खाली वाकून नमस्कार केला. "घर विकून गेलेल्या माणसाने आणखी काय अपेक्षा करावी? येते मी. बस थांबायची नाही."

सादाएबाईंना एक वाक्य पुरलं असतं. 'तुझं दार आहे म्हणून हात लावला नाही' एवढंच. पण ते म्हणणं म्हणजे 'तुला समजलं नाही' असं तोंडावर म्हणणं, आणि पाहुण्या बाईला ते कसं म्हणायचं? त्यांनीही वाकून नमस्कार केला. मी दुकानात काकडी हातात धरून उभा होतो. धावत जाऊन सांगावंसं वाटत होतं. पण दोन दारांच्या मध्ये तिसऱ्याने तोंड घालायचं नसतं, आमच्याकडे याला सभ्यता म्हणतात. त्या घडीला मला रस्त्यावरच्या ओकारीपेक्षा त्या सभ्यतेची जास्त किळस आली. आणि तरी मी हललो नाही.

झेंडी वळणाआड गेली. सादाएबाई आत गेल्या आणि बादली, घासणी घेऊन आल्या. रेषा ओलांडून गुडघ्यांवर बसल्या. वाळलेलं निघेना तेव्हा नखांनी खरवडलं. भाड्याच्या किमोनोतल्या दोघी थांबल्या, 'काय गोड आजी' म्हणाल्या आणि फोटो काढू लागल्या. मी ओरडून त्यांना हाकललं. सादाएबाईंनी मान वर केली नाही. सबंध दार धुतलं, उंबरठ्यापर्यंत, आकड्यांच्या कुलपाखालचा दगडसुद्धा.

मग हात पुसत त्या माझ्या दुकानात आल्या.

"त्या दलालाचं कार्ड आहे ना तुमच्याकडे?"

"कशाला? संतापात असलं काही करू नका. मी किनुयोला पत्र लिहितो, सगळं सांगतो."

"संताप कसला." हाताला अजून वास येत होता, त्यांनाही तो येत असावा, कारण त्यांनी हात पाठीमागे घेतले. "आज मी तिचं दार धुतलं. अख्ख्या गल्लीने पाहिलं. आता तिथं कुणी नाही, मासुई-सान. मग मी कुणाची शेजारीण?"

बाहेर काडीवरची काकडी मागायला रांग लागली होती. मी खण उघडला आणि कार्ड काढून दिलं.